घरगुती वीज-देयकांतील विलंब-आकार आणि खात्यातून परस्पर वसुली

वीज ही सामान्यतः उधारीवर विकली जाणारी वस्तू आहे. ग्राहक ती आधी वापरतो, मापकाचे वाचन मागाहून होते, आणि देयक हाती पडल्यावरही पैसे भरण्यास त्याला काही दिवसांची मुदत मिळते. ही उधारी कोणाच्या पैशावर चालते व तिची मुदत उलटली असता भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक, परंतु दर-रचनेच्या अभ्यासकाने उपेक्षू नये असा आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकाचे उदाहरण घेऊन त्याचा विचार केला आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा-संहितेने घरगुती ग्राहकास देयकाच्या दिनांकापासून किमान २१ दिवसांची मुदत दिली. आयोगाने महावितरण कंपनीसाठी ३० मार्च २०२० रोजी काढलेल्या दर-आदेशात या मुदतीच्या अलीकडे व पलीकडे अशा दोन तरतुदी आढळतात. देयक निघाल्यापासून ७ दिवसांच्या आत रक्कम भरल्यास १ टक्का सवलत मिळते. देय दिनांक चुकल्यास १.२५ टक्के विलंब-आकार लागतो. थकबाकी ६० दिवसांपलीकडे गेली म्हणजे वार्षिक १२ टक्के व पुढे त्याहून चढ्या दराने व्याज सुरू होते. यांखेरीज संगणकीय मार्गाने पैसे भरणाऱ्या लघुदाब ग्राहकास पाव टक्का सवलत, कमाल ५०० रुपयांपर्यंत, ठेवलेली आहे.

वरवर पाहता ही मांडणी सममित वाटते. ती तशी नाही. सवलत मोजताना कर व शुल्क वगळले जातात. विलंब-आकार मात्र कर व शुल्क धरून एकूण रकमेवर बसतो. समजा, एखाद्या कुटुंबाचे वीज-आकार २,००० रुपये झाले. त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क ३२० रुपये, म्हणजे देयक २,३२० रुपयांचे. सातव्या दिवशी भरणाऱ्यास २० रुपये सुटतात, तर बाविसाव्या दिवशी भरणाऱ्यास २९ रुपये अधिक द्यावे लागतात.

आता याच आकड्यांकडे व्याजाच्या दृष्टीने पाहू. जो सातव्या दिवशी २,३०० रुपये न भरता एकविसाव्या दिवशी २,३२० भरतो, तो चौदा दिवसांच्या सवडीसाठी २० रुपये देतो. वार्षिक हिशेबाने हा दर सुमारे २३ टक्के पडतो. देय दिनांक एका दिवसाने चुकला तर एका दिवसासाठी सव्वा टक्का, म्हणजे वार्षिक ४५६ टक्के! परंतु तोच ग्राहक साठाव्या दिवसापर्यंत थांबला तर ३९ दिवसांच्या उधारीसाठी तेच २९ रुपये पडतात, आणि दर बारा टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. तात्पर्य, विलंब-आकार हा उतार नसून पायरी आहे. पायरी उतरून गेलेल्या माणसाला लगेच परत फिरण्यासाठी पैशाच्या स्वरूपातले काहीच कारण उरत नाही. विसराळूपणाने एक दिवस चुकणारा आणि हेतुपुरस्सर महिनाभर थांबणारा या दोघांना ही रचना एकाच मापाने मोजते. प्रस्तुत लेखकाच्या मते दिवसागणिक वाढणारे अल्प व्याज हे अधिक न्याय्य ठरले असते. ते आकारणे पूर्वी कारकुनी दृष्ट्या जिकिरीचे होते खरे, पण संगणकाच्या काळात ती सबब टिकत नाही.

सवलतीसंबंधीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कंपनीच्या वार्षिक महसूल-गरजेच्या हिशेबात ग्राहकांना दिलेल्या सवलती खर्चाच्या बाजूस मांडल्या जातात, आणि तो खर्च अखेर सर्वांच्या दरातून निघतो. महिन्याच्या अखेरीस पगार होईपर्यंत थांबणारे किंवा रोजंदारीवर चालणारे घर अशा रीतीने शेजाऱ्याच्या सवलतीस थोडा हातभार लावीत असते.

अर्थात विलंबाचा खरा धाक आकाराचा नसून पुरवठा तुटण्याचा असतो. १९१० च्या कायद्याच्या २४ व्या कलमान्वये त्यासाठी पूर्ण सात दिवसांची लेखी नोटीस पुरेशी होती; २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ५६ व्या कलमाने ती मुदत पंधरा दिवसांची केली. रकमेविषयी वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरणाऱ्याचा पुरवठा तोडता येत नाही. या तरतुदीची माहिती फार थोड्या ग्राहकांना असते.

परस्पर वसुलीची सोय या धाकावरचा उतारा म्हणून पुढे आली. रिझर्व्ह बँकेने १९९० नंतरच्या दशकात विद्युत समाशोधन सेवा सुरू केली; तिची जागा पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या 'नॅच' व्यवस्थेने घेतली, आणि २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आले. या सर्वांचे मूळ तत्त्व एकच : खातेदार एकदाच अधिकारपत्र देतो आणि पुढील प्रत्येक रक्कम धनको स्वतः ओढून घेतो. वीज-देयकाची रक्कम दरमहा बदलती असल्यामुळे अधिकारपत्रात कमाल मर्यादा घालण्यास महत्त्व येते. कार्ड व यूपीआयवरील अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे, आणि २०२२ पासून सामान्यतः १५,००० रुपयांपर्यंतची वजावट दर वेळी नव्या संमतीवाचून होऊ शकते. येथे वजावटीचा दिवस पाहणे अगत्याचे आहे. ती देय दिनांकास होत असेल तर विलंब-आकार टळतो, पण १ टक्क्याची सवलत हातची जाते.

ब्रिटनमध्ये ही पद्धत १९६० नंतरच्या दशकात रुजली. तेथील वीज व वायू पुरवठादार वर्षाच्या अंदाजी वापराचे बारा समान हप्ते पाडतात; उन्हाळ्यात ग्राहकाची शिल्लक साठते व हिवाळ्यात ती खर्ची पडते. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या दर-मर्यादेत देयक आल्यावर पैसे भरणाऱ्याची मर्यादा थेट वजावटवाल्याहून वरची ठेवलेली आहे, कारण थकबाकी व खेळते भांडवल यांचा खर्च त्या वर्गाच्या माथी मारला जातो. म्हणजे तेथे वक्तशीरपणे पण स्वहस्ते पैसे भरणाराही दुसऱ्याच्या विलंबाचे मोल देतो. या एका बाबतीत आपल्याकडची पद्धत, तिच्या पायरीसकट, सरस म्हणावी लागेल.

उलट, संरक्षणाच्या बाबतीत पारडे ब्रिटनकडे झुकते. तेथील थेट वजावटीच्या हमीनुसार चुकीने रक्कम कापली गेल्यास बँक ती तत्काळ परत करते. पुरवठादाराशी भांडण मागाहून. आपल्याकडे फाजील वाचनामुळे मोठी रक्कम वळती झाली तर ग्राहकास प्रथम कंपनीकडे दाद मागावी लागते, आणि ५६ व्या कलमातील निषेध नोंदवून सरासरी रक्कम भरण्याचा पर्याय पैसे गेल्यानंतर व्यवहारात निरुपयोगी होतो. शिवाय खात्यात शिल्लक नसल्यामुळे वजावट परतली तर २००७ च्या देयक व तडजोड प्रणाली अधिनियमाचे २५ वे कलम उभे राहते : नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतः रांगेत उभा राहून उशिरा पैसे भरणारा २९ रुपयांवर सुटतो. ज्याचे उत्पन्न अनियमित आहे त्याने अधिकारपत्रावर सही करण्यापूर्वी हा फरक, निदान कमाल मर्यादेचा रकाना भरताना तरी, लक्षात घ्यावा.