ओल्या कड्यावरच्या दोन शेजारणी

१८६३ साली ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्ट्री’ या लंडनच्या नियतकालिकात विल्यम ब्लॅनफर्ड यांचा मोजक्या पानांचा एक लेख आला. ब्लॅनफर्ड भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातले. दख्खनचा काळा कातळ बघत हिंडणं हे त्यांचं कामच. त्या हिंडण्यात सह्याद्रीच्या पाझरत्या, उभ्या कड्यांवर त्यांना नखाएवढ्या दोन गोगलगाई सापडल्या. एकीचं नाव त्यांनी ठेवलं क्रेम्नोबेट्स सिहाड्रेन्सिस, दुसरीचं लिथोटिस रुपिकोला. पहिलीचं ‘क्रेम्नोबेट्स’ हे नाव एका माशाला आधीच दिलेलं निघालं, म्हणून १८६९ मध्ये ते बदलून ‘क्रेम्नोकॉन्कस’ झालं.

दोघी राहतात एकाच ओल्या दगडावर, पण घराणी अगदी वेगळी. लिथोटिस सक्सिनिइडी कुळातली, म्हणजे जमिनीवरची. ती फुप्फुसाने श्वास घेते. शंखाचं तोंड भलं रुंद आणि त्यावर झाकण नाही. डोळे वरच्या शिंगांच्या टोकाला असतात आणि प्रत्येक गोगलगाय नरही असते, मादीही. क्रेम्नोकॉन्कसचं सगळंच निराळं. तिला कल्ला आहे. अंग आत ओढून घेतलं की शंखाचं तोंड झाकणाने बंद होतं. डोळे शिंगांच्या बुडाशी असतात, नर वेगळा आणि मादी वेगळी. जिभेवरच्या दातांच्या फितीत प्रत्येक ओळीला सात दात. त्यांनी ती कातळावरचं शेवाळ खरवडून खाते. या सगळ्या खुणा लिटोरिनिडी कुळाच्या आहेत, आणि हे कूळ समुद्राचं. कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांना चिकटलेल्या बारक्या गोगलगाई तिच्या भाऊबंद.

हे नातं नुसत्या शंखावरून कळण्यासारखं नव्हतं. ब्लॅनफर्ड यांच्या आधी, १८५०च्या दशकात, एडगर लेयर्ड यांनी महाबळेश्वरची अशीच एक गोगलगाय अमेरिकन नद्यांतल्या एका प्रजातीत घातली होती. शंख तेवढा हाती असल्यावर दुसरं काय होणार! प्राणी उघडून पाहिला तो फर्डिनांड स्तोलिच्का यांनी. क्रेम्नोकॉन्कसच्या शरीररचनेवरचं त्यांचं टिपण १८७१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आलं. तीनच वर्षांनी, यारकंदच्या मोहिमेहून परतताना, लडाखच्या वाटेवर त्यांचं निधन झालं. मला या सगळ्या इतिहासात ते टिपण सर्वांत मोलाचं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली इतका लहान जीव उकलायला हातात विलक्षण धीर लागतो.

त्यानंतरचा मोठा टप्पा थेट २०१३चा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले डेव्हिड रीड, बंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेतले एन. ए. अरविंद आणि कर्नाटकातले ज्येष्ठ अभ्यासक एन. ए. मध्यस्थ यांनी शंख, दातांची फीत, जननेंद्रियं आणि डीएनए असं सगळं ताडून पाहिलं आणि या प्रजातीची नव्याने मांडणी केली. तोवर ती महाराष्ट्राच्याच घाटातली मानली जात होती. आता आगुंबेसारख्या कर्नाटकातल्या घाटांमधून नव्या जाती पुढे आल्या. मधला लांबलचक पट्टा मात्र रिकामाच. समुद्राच्या या कुळातली दुसरी कोणतीही प्रजाती गोड्या पाण्यात राहत नाही, म्हणून सह्याद्रीचं हे वैभव जगात एकमेव आहे.

दख्खनचा काळा कातळ सह्याद्रीपाशी संपत नाही. तो उत्तरेला माळव्यात, धार-देवासकडे, पीपलरावां गावाच्या काळ्या रानांखालपर्यंत पसरलेला आहे. पण तिकडे सपाट पठार. घाटमाथ्याचा पाऊस नाही की महिनोन्‌महिने निथळत राहणारी उभी भिंतही नाही. क्रेम्नोकॉन्कसला नुसता दगड पुरत नाही. तिला हवेत ओघळ आणि धबधब्याचे तुषार.

आज घाटरस्ते रुंद करायला नेमके हेच कडे फोडले जातात, उरलेल्यांवर काँक्रीट फवारतात. दरड कोसळून माणसं मरू नयेत, हे खरंच. पण कडा फोडण्याआधी तिथे कोण राहतं, हे बघायला काय हरकत आहे? आणि बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये, धो-धो पावसात. उन्हाळ्यात या गोगलगाई भेगांच्या आत दडून बसतात, आणि पाहणी करणाऱ्याच्या कागदावर कडा ‘निर्जीव’ म्हणून नोंदला जातो.