चाळिशीतले दप्तर

जूनचा पहिला पाऊस पडला, की घराघरांत नव्या पुस्तकांना खाकी कव्हरे घालण्याचे काम निघते. कात्री, डिंक आणि नावाच्या चिठ्ठ्या घेऊन मुले जमिनीवर फतकल मारून बसतात. एखाद्या वर्षी मात्र त्या ढिगात एक जाडजूड, अनोळखी पुस्तक सापडते. नाव 'व्यवस्थापकीय लेखाशास्त्र'. "पप्पा, हे कुणाचं?" मुलगा विचारतो. आणि बँकेत वीस वर्षे नोकरी झालेले, केसांत पांढरी रेघ आलेले पप्पा थोडे ओशाळून म्हणतात, "माझं आहे. त्यालाही कव्हर घाल."

अशी घरे मुंबई-पुण्यात आहेत, तशी ती नंदुरबार, शहादा, तळोद्यातही सापडतात. कुणी पतसंस्थेत व्यवस्थापक असतो, कुणी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात, कुणी कृषी खात्यात, तर कुणी वडिलांची आडत सांभाळत असतो. नोकरी आहे, घर आहे, मुलाची दहावी तोंडावर आली आहे. मग या वयात पुन्हा परीक्षेचा अर्ज कशासाठी?

शेजारीपाजारी विचारतात तो हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर बहुधा असे असते, की पहिली पदवी नोकरी मिळावी म्हणून घेतलेली असते आणि दुसरी, नोकरीने पुढे टाकलेल्या प्रश्नांसाठी. कृषी पदवीधराला पिकावरची कीड ओळखता येते. पण बढती मिळाली की त्याच्या हाताखाली बारा माणसे येतात, अंदाजपत्रक येते, आणि ते त्याला कुणी शिकवलेले नसते. तो चुकत चुकत शिकतो. चुकांची किंमत कधी संस्था भरते, कधी हाताखालचा शिपाई.

व्यापारशिक्षण आपल्याकडे तसे जुने. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ च्या, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. पण ही दारे मुख्यतः तरुणांसाठी, आणि तीही मोठ्या शहरात. अमेरिकेत मात्र १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, शिकागो विद्यापीठाने नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचा खास अभ्यासक्रम सुरू केला. अनुभवी माणसाला नोकरी सोडायला न लावता शिकवता येते, हा विचार तिथून रुजला. मुंबईचा नोकरदार ऑफिस सुटल्यावर चर्चगेटला संध्याकाळच्या वर्गात बसू लागला. पण धडगावच्या माणसाने संध्याकाळी सातला कोणत्या वर्गात बसायचे? त्याला घाट उतरून जिल्ह्याच्या गावी यायचे म्हटले तरी दिवस मोडतो.

त्याच्यासाठी दार उघडले ते मुक्त शिक्षणाने. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले आणि १९८७ मध्ये त्याने जे पहिले अभ्यासक्रम काढले, त्यांत व्यवस्थापनाची पदविका होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीही या विद्यापीठाने पूर्वतयारीची वाट काढली आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. पुस्तके घरी येणार, अभ्यास केंद्र जवळच्या महाविद्यालयात, वर्ग सुट्टीच्या दिवशी. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. सहकाराच्या माणसांसाठी तर पुण्याची वैकुंठ मेहता संस्था १९६७ पासून याच कामात आहे. म्हणजे वाटा झाल्या. प्रश्न राहतो तो चालणाऱ्याचा.

या जिल्ह्यातल्या माणसाला व्यवस्थापन अगदीच परके असते असे मात्र नाही. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर पडावे, मिरचीच्या पथाऱ्या बघाव्यात. नजर पोहोचेल तिथवर लाल गालिचा. ओली मिरची आज लिलावात घ्यायची, शेतकऱ्याला पैसे द्यायचे, मग ती पसरायची, उलटायची, निवडायची. वाळता वाळता वजन घटते, मजुरी चढते, आणि विक्रीचे पैसे मात्र पुढे कधीतरी. मध्येच अवकाळी पाऊस आला, तर सगळा हिशेब चिखलात. पुस्तकात याला खेळते भांडवल, साठ्याचे नियंत्रण, जोखीम अशी नावे आहेत. सोंगे सगळी आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे व्यापाऱ्याला पुस्तकाशिवाय कळते.

मग पुस्तकाने काय मिळाले? मिळते ते असे, की अंदाज कागदावर उतरतो. एका पथारीवर किलोमागे खरा खर्च किती आला, व्याज धरले का, घरच्या माणसांची मजुरी धरली का, पावसाने दहावा हिस्सा गेला तर काय उरते, हे मांडता येते. मांडलेली गोष्ट बँकेला दाखवता येते, भावाला समजावता येते, पुढच्या वर्षीशी ताडून बघता येते. अनुभव माणसाबरोबर जातो. मांडणी मागे राहते. चाळिशीतल्या विद्यार्थ्याचा फायदा हाच, की त्याला उदाहरण शोधावे लागत नाही. बावीस वर्षांचा मुलगा व्याख्या पाठ करतो, तर हा म्हणतो, "सर, पण आमच्याकडे असं होत नाही." वर्गात खरा तास तिथून सुरू होतो.

आता दुसरी बाजू. या शिक्षणाची फी केवळ विद्यापीठ घेत नाही, घरही भरते. रविवार जातो. लग्नकार्ये चुकतात. मार्चअखेरची हिशेबाची धांदल आणि परीक्षा गळ्यात गळा घालून येतात. आणि शिकणारी जर घरची बाई असेल, तर हिशेब आणखी कडक होतो. नवरा अभ्यासाला बसला की घर आवाज कमी करते, बायको बसली की घर विचारते, "आज जेवायला काय?" अंगणवाडीत पर्यवेक्षिका असलेली किंवा बचत गटांचे काम बघणारी बाई रात्री अकरानंतर पुस्तक उघडते. अर्ज भरण्याआधी घरात एक बैठक व्हावी, ती याचसाठी. स्वयंपाक कोण करणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, हे ठरल्याशिवाय भरलेली फी बहुधा पहिल्याच वर्षी वाया जाते.

आणखी काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे जाहिरातीवरून नव्हे, आयोगाच्या यादीवरून तपासावे. 'सहा महिन्यांत घरबसल्या पदवी' असे कुणी म्हणाले, तर तिथून उठावे. बढतीत ही पदवी धरली जाईल का, हे वरिष्ठांना तोंडी नव्हे, लेखी विचारावे. आणि मनाला एक खरे सांगावे: पंचेचाळिशीत पदवी मिळाली म्हणून कंपन्या दारात उभ्या राहत नाहीत. ज्याला केवळ हिशेब नीट मांडायचा आहे, त्याला दोन वर्षांच्या पदवीपेक्षा सहा महिन्यांचे प्रमाणपत्र पुरे असते. औषध आजारापुरते घ्यावे.

तरीही एक गोष्ट राहतेच. शिकलेला मुलगा सुरतेला नाहीतर पुण्याला जातो, ही या जिल्ह्याची जुनी खंत. तरुणाची पदवी म्हणजे पुष्कळदा बाहेरचे तिकीट असते. चाळिशीतल्या माणसाचे मात्र घर, शेत, म्हातारे आईवडील इथेच असतात. तो जे शिकतो ते सोमवारी सकाळी इथल्याच पतसंस्थेत, इथल्याच बाजार समितीत, इथल्याच बचत गटात खर्च होते. त्याने कर्जाचा अर्ज नीट वाचला, तर त्याचा फायदा ज्याला होतो, त्याला या पदवीचे नावही माहीत नसते. जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले, तर उशिरा घेतलेले हे शिक्षणच जास्त गावात राहते.

निकाल लागतो तेव्हा पेढे वाटावेत की नाही, असा पेच या वयात पडतो. वाटावेत. पण त्याआधीही एक निकाल लागून गेलेला असतो. रात्री एकाच दिव्याखाली दहावीचा मुलगा आणि त्याचा बाप समोरासमोर बसलेले असतात. बापाचे गणित अडते. मुलगा वही ओढून घेतो, बघतो, आणि म्हणतो, "पप्पा, इथं चिन्ह चुकलंय." बाप खोडरबर मागतो. अभ्यास कर, असे त्या घरात मग कुणाला सांगावे लागत नाही.