उजनीच्या काठची मोडकी होडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरलं की करमाळ्या-माढ्याच्या आणि पलीकडे इंदापूरच्या काठाला चिखलात रुतलेल्या होड्या उघड्या पडतात. कुणी सोडून दिलेल्या, कुणी मुद्दाम बुडवलेल्या. जुन्या होडीचं काय करायचं, याबद्दल काठावरचे बहुतेक समज लाकडी होडीच्या काळातले आहेत. आता होड्या पत्र्याच्या आणि फायबरच्या झाल्या, समज मात्र तेच राहिले.

“पाण्यात बुडवली की संपली.” हा समज सर्वांत पक्का, आणि उजनीत तर तो अजिबात टिकत नाही. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाची पातळी दरवर्षी खूप खाली जाते, दुष्काळी सालात तर पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळसुद्धा वर येतं. मग होडी कुठं लपणार? पाणी भरलेलं असताना तीच होडी जाळी फाडते आणि दुसऱ्याच्या इंजिनाचा पंखा मोडते. शिवाय हे सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी आहे. जलवाहिनीतून येतं आणि नदीत सोडलं की औज बंधाऱ्यातूनही येतं. धरणातल्या सुमारे 117 टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त पाणी मृत साठ्यातलं आहे, आणि टंचाईत शहर तेच पितं. त्या पाण्यात डिझेलची टाकी, बॅटरी, ऑइल यांसकट होडी सोडणं म्हणजे आपल्याच रांजणात सोडणं.

“बुडालेल्या होडीत मासे घर करतात, फायदाच आहे.” लाकडाच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन. ते कुजत नाही, झिजतं. ऊन, लाटा आणि दगड यांनी त्याचा चुरा होतो आणि तंतू पाण्यात सुटतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील चिचेस्टर बंदरातल्या कालव-शिंपल्यांच्या अंगात असे काचेचे कण सापडल्याचं संशोधकांनी 2024 मध्ये दाखवून दिलं.

“मग पेटवून द्यावी.” काच जळत नाही. रेझिन जळतं, पण काळा, दम कोंडणारा, विषारी धूर सोडत, आणि मागे तंतूंची सुटी राख उरते. ती वाऱ्याबरोबर शेतात जाते. पंढरपूरच्या वाळवंटातल्या जुन्या लाकडी होडीच्या फळ्याही चुलीत घालू नयेत. त्यांना डांबर पाजलेलं असतं आणि जुन्या रंगांत शिसं असायचं. खिळे काढलेल्या, रंग-डांबर नसलेल्या आतल्या फळ्या वापरायला हरकत नाही.

“सरकारच बोटी जिलेटिननं उडवतं.” उडवतं, खरं आहे. बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटींवर महसूल आणि पोलिसांची पथकं उजनीत अशी कारवाई करत आली आहेत. बोट पुन्हा वाळूला लागू नये, एवढाच तिचा हेतू असतो. ती विल्हेवाटीची पद्धत नव्हे. उडालेले तुकडे पाण्यातच राहत असतील तर ते उचलायची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. खाजगी माणसानं परवान्याशिवाय जिलेटिनला हात लावणं हा सरळ गुन्हा आहे.

“गंजलेल्या पत्र्याला कोण विचारतं?” भंगारवाला विचारतो. लोखंड कितीही वेळा वितळतं, जालन्याच्या पोलाद कारखान्यांचा तर कच्चा मालच भंगार आहे. जपायचं ते गॅसकटरनं कापताना. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ठिणगीनं ती फुटते. टाकी आधी काढून बाजूला न्यावी.

“भोक पडलं, होडी गेली.” फायबरचं भोक बुजतं. भोवतालचा भाग तिरका घासून मॅट आणि रेझिनचे थर चढवले की वर्षानुवर्षं चालतं. होडी खरी संपते ती थर सुटल्यावर. हातोडीच्या दांड्यानं तळावर ठोकत जावं. टणक आवाज येतो तिथं अंग शाबूत आहे. जिथं आवाज बद्द येतो तिथं थर सुटलेत, आत पाणी मुरलंय. इंजिन बसवतात त्या मागच्या फळीतलं प्लायवूड बोटानं दबत असेल, तर त्यावर पुन्हा इंजिन चढवू नये. अशी होडी स्वस्तात दुसऱ्याला विकूही नये. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. तिथं कारण वारा होता, पण हे पाणी केव्हा कसं उठेल ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

“कापून गुरांची गव्हाण करावी.” नको. कापलेल्या कडेचे तंतू वैरणीबरोबर जनावराच्या पोटात जातात. छपराला वापरायची तर कडा रेझिननं बंद करून वापरावी. ग्राइंडर चालवताना पाणी मारत राहावं, तोंडाला चांगला मास्क असावा.

“भंगारवाला फायबरही वितळवतो.” इथंच खरी अडचण आहे. भाजलेल्या भाकरीचं जसं पीठ होत नाही, तसं एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. सिमेंटच्या भट्टीत मात्र ते खपतं. रेझिन इंधन म्हणून जळतं, काच क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटसाठी भाजलेल्या खड्यांमध्ये, मिसळते. जर्मनीत पवनचक्क्यांची पाती अशीच खपवली आहेत. सोलापूरजवळच्या सिमेंट कारखान्यांत क्लिंकर दळलं जातं, पण भाजायच्या भट्ट्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, मळखेडला आहेत. एकट्या मच्छीमारानं दोन-तीनशे किलो तुकडे तिथं नेणं परवडणार नाही, आणि भट्टीला प्रदूषण मंडळाची परवानगीही लागते. हे काम मच्छीमार संस्थांनी आणि जलसंपदा खात्यानं मिळून करायचं आहे. फ्रान्समध्ये 2019 पासून नव्या बोटीच्या विक्रीवर वर्गणी घेतात आणि त्यातून जुन्या बोटी फुकट मोडतात.

तोवर होडी पूर्ण संचय पातळीच्या वर ओढून घ्यावी. इंजिन, बॅटरी, टाकी काढून ती पालथी ठेवावी, म्हणजे पाणी साचून डास होत नाहीत. यांत्रिक बोट 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदलेली असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंद रद्द करून घ्यावी, नाहीतर तुमच्या नावावरचा नंबर दुसऱ्याच बोटीवर फिरू शकतो.