समुद्रातील चोरी, बंदरावर पहारा



परवान्याशिवाय मासेमारी करणारी मोठी परदेशी जहाजे गरीब देशांतील कोळ्यांच्या तोंडचा घास हिरावतात. अफाट समुद्रावर गस्त घालणे या देशांना परवडत नाही. पण मासे विकायचे तर ते कुठल्यातरी बंदरात उतरवावेच लागतात. हे ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००९ मध्ये एक करार मंजूर केला. तो ५ जून २०१६ पासून लागू झाला. चोरट्या मासेमारीचा पुरावा असलेल्या परदेशी जहाजाला करारातील देश बंदरात प्रवेश नाकारतात.

मात्र परवाने, जाळी, मासे तपासणारी जाणकार माणसेच नसतील तर करार कागदावरच राहील. म्हणून विकसनशील देशांना साहाय्य देण्याची तरतूद करारातच आहे. त्यानुसार ही संघटना कायदे तयार करण्यास मदत करते, निरीक्षकांना प्रशिक्षण देते.

नियम करणे सोपे. तो राबवणारी माणसे घडवणे, हेच खरे काम.