एका ‘च’चा जाच

इब्र्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली ओळख शेजाऱ्यांशी होते आणि दुसरी ड्रायव्हिंग टेस्टच्या ड्रमशी. मस्कत इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. गावात हॉस्पिटल, इंडियन स्कूल, युनिव्हर्सिटी, सूक सगळे आहे. पण एकमेकांपासून लांब, आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे धावत असताना पायी जाण्याचे नाव कोणी काढत नाही. गाडी नसेल तर बुधवारचा बायकांचा सूकसुद्धा नवऱ्याच्या ड्यूटीवर नाहीतर शेजारणीच्या सवडीवर अवलंबून. भारतातले लायसन्स इथे राहणाऱ्याला चालत नाही. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून वीस वर्षे गाडी काढलेल्यालाही पुन्हा शिकाऊ व्हावे लागते. ड्रमच्या मधून गाडी मागे घ्यायची, चढावर थांबवून पुन्हा पुढे काढायची आणि मग रस्त्यावरची परीक्षा. पहिल्या फटक्यात पास होणारे थोडे. चार-पाच वेळा नापास होणे ही इथे बातमी नव्हे.

बातमी पुढेच असते. दोघीजणी सारख्याच चार वेळा नापास होतात. एक चरफडते, दोन दिवस कोणाशी बोलत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सरावाला जाते. दुसरी हळदीकुंकवाला येणे बंद करते. चौकशी होईल म्हणून आईचा फोन उचलत नाही. रात्री दोन वाजता ड्रमचा विचार करत जागी असते. निकाल एकच, परीक्षा एकच. मग फरक कुठून आला?

या प्रश्नावर आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. जन्म 1913, मृत्यू 2007. त्यांनी 1955 पासून जी उपचारपद्धती मांडली तिला मराठीत आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. महाराष्ट्राला ती परकी राहिली नाही, याचे श्रेय आधी कि. मो. फडके यांना. त्यांचा एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता आणि हा विचार त्यांनी मराठीत रुजवला. पुढे 1990 मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो घराघरांत नेला. त्यांचे ‘स्वभाव-विभाव’ आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. नसेल तर सुट्टीवर जाल तेव्हा बॅगेत लोणच्याशेजारी त्याला जागा करा.

एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे: घटना माणसाला थेट आजारी करत नाही. घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपली एक समजूत बसलेली असते. “मला लायसन्स हवे आहे” ही इच्छा झाली. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. पण “मला लायसन्स मिळालेच पाहिजे” ही मागणी आहे, आणि तीही जगाकडे, परीक्षकाकडे, स्वतःकडे. ती मोडली की पुढची वाक्ये आपोआप रांगेत येतात: “हे भयंकर आहे”, “मला हे सहनच होत नाही” आणि शेवटी “मीच बिनकामाची”. इंग्रजीत या मागणीसाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागतो. मराठीने एका अक्षरात काम भागवले. ‘पाहिजे’च्या आधी चिकटलेला तो ‘च’.

एलिस हे नुसते बोलले नाहीत. तरुणपणी त्यांना अनोळखी मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या स्त्रियांशी बोलायचेच, असे त्यांनी ठरवले. (इथला ‘च’ स्वतःच्या कृतीवर आहे, निकालावर नाही. हा फरक मोठा आहे.) शंभर जणींशी ते बोलले. पुन्हा भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही! निकालाच्या भाषेत हा सपशेल नापास. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळले नाही, आणि भीती गेली.

आखातातल्या आपल्या आयुष्यात लायसन्स हा सगळ्यात छोटा ‘च’ आहे. मोठे वेगळेच आहेत. पाच वर्षांत पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट झालाच पाहिजे. मुलाला नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळालेच पाहिजे. अमुक साली परत गेलेच पाहिजे. यातले किती आपल्या हातात आहे? नोकरीचा करार दर वेळी नव्याने होतो, ओमानीकरणाचे धोरण आपल्याला विचारून पुढे सरकत नाही आणि ते तसे असणे त्यांच्या देशात योग्यच आहे. पुण्यातले भाव आपल्या बचतीची वाट पाहत थांबत नाहीत. ज्याचे अर्धेअधिक धागे दुसऱ्यांच्या हातात आहेत, त्यावर आपली सगळी किंमत टांगून ठेवायची, याला मी जिद्द म्हणणार नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: ‘च’ काढला तर माणूस ढिला पडेल. अनुभव उलटा आहे. पोटात गोळा घेऊन स्टिअरिंगवर बसणारा ड्रमला आधी धडकतो. “मला हे फार हवे आहे, त्यासाठी मी मेहनत करीन, नाही झाले तर गैरसोय होईल, पण मी तरीही मीच असेन” या वाक्यात इच्छा कमी झालेली नाही. एलिस यांचा आग्रह कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, असा होता. ड्रमला गाडी लागली, ही गाडी मागे घेण्यातली चूक. ती तिथेच सुधारायची.

मला मात्र या विचारात एक गोष्ट अपुरी वाटते. आपला ‘च’ बऱ्याचदा आपला नसतोच, तो व्हॉट्सॲपवरून येतो. “झाले का लायसन्स? अमक्याच्या सुनेला दुबईत पहिल्याच वेळी मिळाले म्हणे.” “अजून फ्लॅट बघताच आहात?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण ऐकणारीच्या कानात तो प्रश्न रात्रभर राहतो. हा अंक गावाकडेही जातो, म्हणून काका-मामा-आत्यांना सांगते: फराळाचा फोन कराल तेव्हा निकाल विचारू नका. सूकमध्ये काय मिळते, नवीन शेजारी कोण आले, ते विचारा. आम्ही तासभर बोलू.

झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, तर मात्र वाक्ये बदलून भागणार नाही, डॉक्टर गाठावा. भारतात असलेल्यांसाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. इथे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी मोकळे बोला. लाज वाटत असेल तर आमच्यापैकी कोणीतरी सोबत येईल. गाडी चालवणारे आता मंडळात बरेच झाले आहेत.