लाइन मोकळी मिळण्याचे गणित
एखादा ग्राहक फोन केव्हा लावेल हे कोणालाच सांगता येत नाही; हजारो ग्राहकांचे मिळून तासाभरात किती कॉल येतील याचा अंदाज मात्र नेमका बांधता येतो. ग्राहक एकमेकांपासून स्वतंत्रपणे वागत असतील, तर कॉलची संख्या पॉयसाँ वितरण पाळते, हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ एर्लांग यांनी 1909 मध्ये दाखवले. सगळ्या लाइनी व्यस्त असल्यामुळे कॉल नाकारला जाण्याच्या संभाव्यतेचे सूत्र त्यांनी 1917 मध्ये दिले.

या सूत्राची खरी ताकद आकड्यांत दिसते. एका वेळी सरासरी 5 कॉल चालू राहतील एवढी मागणी असेल आणि शंभरात जास्तीत जास्त एक कॉल नाकारला जावा अशी अट असेल, तर 11 लाइनी लागतात. मागणी दहापट झाली तर 110 नव्हे, 64 लाइनी पुरतात; कारण पॉयसाँ वितरणात चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतकाच वाढतो. ठाणे जिल्ह्यात असूनही मुंबईच्या 022 कोडवर असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहराच्या दृष्टीने ही बचत मोठी आहे. तेथील लोकसंख्या 2001 मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती आठ लाखांवर गेली.

पण सारी भिस्त ग्राहकांच्या स्वतंत्रपणावर आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई परिसरात सगळ्यांना एकाच कारणासाठी, एकाच वेळी घरी फोन लावायचा होता. अशा दिवशी हे सूत्र लागू पडत नाही.

डेटाच्या बाबतीत तर गृहीतक रोजच मोडते. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट खुले केले. त्याच्या आदल्याच वर्षी लेलँड, ताकू, विलिंगर आणि विल्सन यांचा अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेच्या इथरनेट रहदारीवरील सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला होता. पॉयसाँनुसार कालावधी वाढवला की चढउतार सपाट व्हायला हवेत. येथे ते मिलिसेकंदांपासून तासांपर्यंत तसेच टिकून होते. कारण फाइलींच्या आकारात सापडले: बहुतेक लहान, थोड्या प्रचंड, आणि बहुतेक भार त्या थोड्यांचाच. म्हणून राउटरचा बफर वाढवूनही पॅकेट गळण्याचे प्रमाण अपेक्षेइतके झपाट्याने घटत नाही.

तरी एर्लांग यांचा पाया पुरता निखळला नाही. पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड यांनी 1995 मध्ये दाखवले की पॅकेटांना पॉयसाँ लागू पडत नसला, तरी माणसे नेटवर्कवर येऊन सत्र सुरू करतात त्या वेळांना, तासातासाचा दर वेगळा धरल्यास, तो चालतो. सत्र केव्हा सुरू करायचे हे ज्याचा तो ठरवतो. पुढची पॅकेटे मात्र फाइलीच्या आकाराने आणि प्रोटोकॉलने एकमेकांशी बांधलेली असतात.