हेलकावणारी गाडी आणि शॉकअपवरचा आळ

छोटी मोटार वळणावर जास्त झुकू लागली किंवा सरळ रस्त्यावर हेलकावे खाऊ लागली, की ‘शॉकअप गेले’ असे निदान वाहनधारक आणि पुष्कळदा कारागीरही गाडी उचलून पाहण्याआधीच करून मोकळे होतात. या निदानामागचा सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की गाडीचा भार शॉकअप पेलतो आणि तिचा झुकावही तोच रोखतो. वस्तुतः भार पेलते ती स्प्रिंग. शॉकअप हा केवळ शामक असून, त्यातील तेल बारीक झडपांतून ढकलले जाताना स्प्रिंगच्या हालचालीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते आणि डुलणे लवकर थांबते. त्याचा विरोध हालचालीच्या वेगावर अवलंबून असल्याने, घाटातील लांब वळणावर गाडी एका कोनात झुकून स्थिरावली, की नव्या आणि जुन्या शॉकअपमध्ये जवळजवळ काहीच फरक उरत नाही. गाडी किती झुकेल हे स्प्रिंगांचा ताठपणा, गुरुत्वमध्याची उंची आणि अँटीरोल बार ठरवतात. ती किती झटकन झुकेल आणि उंचवटा ओलांडल्यावर किती वेळा डुलेल, एवढेच शॉकअपच्या हाती असते.

अँटीरोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी पोलादी दांडी. दोन्ही चाके एकदमच स्पीडब्रेकरवर चढली तर ती आपल्या बुशांत नुसती फिरते, पण एक चाक वर आणि दुसरे खाली राहिले की तिला पीळ बसतो व तो पीळच झुकावाला विरोध करतो. ही दांडी सहसा खराब होत नाही. झिजतात ते तिला सांगाड्याशी धरून ठेवणारे रबरी बुश आणि तिच्या टोकांना असलेले लिंक रॉड. त्यांत प्ले आला, म्हणजे सांध्यात मोकळी हालचाल निर्माण झाली, की गाडी वळणावर आधी सैलपणे कलते आणि मग अडखळल्यासारखी सावरते, शिवाय खडबडीत रस्त्यावर कमी वेगात पुढून टकटक ऐकू येते. हा दोष तपासताना एकच चाक जॅकवर उचलण्याची चूक सर्रास होते. तसे केल्याने बारला पीळ बसून लिंक रॉडचा सांधा ताणलेला राहतो आणि ढिलाई लपते. दोन्ही चाके समान पातळीवर ठेवून, खड्ड्यातून किंवा रॅम्पखालून, लिंक रॉड हाताने हलवला तरच ती जाणवते.

बॉनेट दाबून सोडण्याची चाचणीही अशीच फसवी आहे. सोडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली झाली तर शॉकअप निकामी, हे बरोबर. परंतु ती एकदाच उसळून थांबली म्हणून तो ठणठणीत, असे मात्र ठरत नाही, कारण हाताच्या दाबाने होणारी हालचाल रस्त्यावरील धक्क्यांपेक्षा फारच मंद असते. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. ओघळ दिसला तर सील फुटले आहे.

हौशी चालकांचा आवडता उपाय म्हणजे जाड बार. दांडीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा बार बसवला तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो आणि झुकाव कमी होतो, हे खरे. मात्र वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा एकूण भार त्यामुळे फारसा घटत नाही. तो गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वळण्याचा वेग यांवर ठरतो. बार तो भार फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांत वेगळ्या रीतीने वाटतो. पुढचाच बार जाड केल्यास गाडी वळणाबाहेर रेटली जाते, मागचाच केल्यास मागचा भाग घसरण्याचा धोका वाढतो. बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम, म्हणजे स्वतःच पिळला जाऊन अँटीरोल बारचेही काम करणारा आडवा तुळईसारखा भाग असतो, याचा विचार असे बार बसवताना क्वचितच होतो.

सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भरकटणे ही वेगळीच तक्रार आहे. तिचे मूळ टायरमधील कमी हवा, बिघडलेले टो, म्हणजे चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, किंवा लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेचे, फाटलेले बुश यांत असू शकते. आणि बुश फाटलेले असताना केलेले अलाइनमेंट हे वाया गेलेले पैसे. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे.

दुरुस्तीत दोन गोष्टी हमखास राहून जातात. फोर्डचे अभियंते अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे असणारा मॅकफर्सन स्ट्रट धक्के शमवण्याबरोबरच चाकाचा कोनही धरून ठेवतो. म्हणून तो जोडीनेच बदलावा आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी हवेत लटकत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकांवर वजन आल्यावरच ते पक्के करावेत, अन्यथा गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश अकाली फाटतात.